खुलासा : १९७८ चा निकाल सप्टेंबरमध्ये लागला नव्हता

१९७८ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकन बेसबॉलमधल्या न्यूयॉर्क यांकीजनी बोस्टन रेड सॉक्सना त्यांच्याच फेनवे पार्क मैदानावर सलग चार सामन्यांत हरवून लीगमधल्या आपल्या विभागाचं विजेतेपद तिथेच पटकावलं, असं मी परवा लिहिलं. पोस्ट बरीच फिरतेय, पण शेवटचा भाग चुकीचा आहे.

१५-३, १३-२, ७-०, ७-४ हे आकडे खरे. मात्र गुणतक्ता पुन्हा पाहिला : चौथ्या सामन्यानंतर दोघेही ८६-५६ (विजय-पराभव), म्हणजे नुसती बरोबरी. पुढे मागे पडलेल्या रेड सॉक्सनी शेवटचे आठही सामने जिंकून यांकीजना ९९-६३ वर गाठलं. निकाल लागला २ ऑक्टोबरच्या जादा सामन्यात, ५-४ असा यांकीजच्या बाजूने. तोही नवव्या डावात, दोन धावपटू बेसवर असताना रेड सॉक्सच्या यास्ट्रेम्स्कीचा उंच उडालेला चेंडू झेलला गेला तेव्हा. बोस्टन सप्टेंबरातच संपलं म्हणणं त्या आठ विजयांवर अन्याय आहे.

जुनी पोस्ट कृपया पुढे पाठवू नका. पाठवली असेल तिथे हे टाका.