आकाशपाळणा फिरवायला पोराला परदेशी धाडताय? अभिनंदन!

पोरगं हॉटेल मॅनेजमेंट करून सातपूरच्या कँटीनमध्ये रमलंय? छे, शोभत नाही. परदेशातल्या थीम पार्कात धाडा त्याला. भाच्याच्या पायी आमच्या घराण्याचा या विषयात नुकताच अडीच लाखांचा अभ्यास झालाय, तो तुम्हाला फुकट देतो.

एजंट निवडताना ऑफिसचा एसी बघा. गंगापूर रोडला काचेचं दार, भिंतीवर बुर्ज खलिफा आणि टेबलावर पाण्याची छोटी बाटली असेल तर लायसन्सची पाटी शोधू नका. नोंदणी असलेल्या एजंटाला ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं. इतक्या स्वस्तात पोरगं गेलं तर सोयऱ्यांना काय सांगणार?

पावती मागू नका. वाईट दिसतं.

आम्हाला आधी ओरलँडो दाखवलं. ‘कल्चरल व्हिसा’ म्हणे. असा क्यू व्हिसा आहे खरा, १९९० च्या अमेरिकी कायद्यातला, जास्तीत जास्त १५ महिन्यांचा. पण तो आपापल्या देशाची संस्कृती दाखवणाऱ्यांसाठी, आणि अर्ज तिथल्या मालकानं करायचा असतो. तिथल्या एपकॉट या डिस्नेच्या थीम पार्कात ११ देशांचे मंडप आहेत, भारताचा एकही नाही. तुम्ही मात्र गप्प बसा. भाच्यानं फेटा बांधून फोटो काढले, त्याचे दीड हजार वेगळे. पुढच्या आठवड्यात ओरलँडोचं अबुधाबी झालं.

आता मुख्य मंत्र. “सध्या टुरिस्ट म्हणून जाऊ द्या, तिथं कन्व्हर्ट करतात.” हे ऐकलं की डोळे मिटून पैसे मोजा. आमच्या ताईनं पाटल्या मोडून मोजले. वर्क परमिट हातात येण्याआधी काम करणं तिथं बेकायदा आहे, भरतीचा खर्च मालकानं सोसायचा असतो, कामगाराचा पासपोर्ट मालकाला ठेवून घेता येत नाही, हे सगळं आम्हाला नंतर कळलं. भाचा एका खोलीत आठ जणांत झोपत होता आणि दिवसभर कुठल्याशा लॉन्ड्रीत चादरी उचलत होता. पासपोर्ट सुपरवायझरच्या कपाटात, ‘सेफ राहावा’ म्हणून. थीम पार्क? पाहिलं की, बसच्या खिडकीतून. व्हिसा संपला तसा रोजचा ५० दिरहम दंड चढायला लागला. पगाराची तक्रार कुठं करणार? कागदोपत्री तो पर्यटक! पर्यटकाचा पगार कधी कुणी बुडवतो का?

विमानतळावरून हार घातलेला फोटो स्टेटसला टाकायला विसरू नका.

आणि परतीच्या तिकिटाचे पैसे मामाकडे असतातच.

परवा त्याच ऑफिसवरून गेलो. पाटी नवी, माणूस तोच, खुर्ची तीच. बाहेर पाच-सहा बाप मांडीवर फायली घेऊन बसलेले. न राहवून बोललो, तर एक म्हणतो, “तुमच्या पोराचं जमलं नाही, म्हणून आमच्यात खोडा घालता काय?”

हो, घालतोय खोडा! अरे, घर घेताना सात-बारा चारदा बघता, भाजी घेताना मेथीची जुडी उलटीपालटी करता, आणि पोटचं पोर देताना व्हिसावर काय लिहिलंय ते वाचत नाही? हातात मोबाइल आहे ना? ई-मायग्रेट या सरकारी वेबसाइटवर नोंदणी असलेले एजंट दिसतात, तिथं तुमच्या एजंटाचं नाव टाका. पाच मिनिटं लागतात. नाव नसेल तर फायली उचला आणि घरी चला.