१६ की ३२ जीबी रॅम? आधी टास्क मॅनेजर उघडा

एका लेखात ‘आता ३२ जीबी रॅमशिवाय गेमिंग नाही’ असं सरसकट ठोकून दिलंय, ते काही पटलं नाही. (रॅम म्हणजे चालू प्रोग्रॅम जिथे राहतात ती मेमरी.) व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ खेळणाऱ्याला १६ जीबी आजही रग्गड होते. फ्लाइट सिम्युलेटर २०२४ ची गोष्ट वेगळी, त्या गेमच्या गरजांच्या यादीत शिफारसच ३२ जीबीची आहे आणि ‘आयडियल’च्या रकान्यात तर चक्क ६४!

खरी गोम दुसरीकडे आहे. स्वस्त लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा रॅमची एकच स्टिक (पट्टी) बसवलेली असते. ८+८ अशी जोडी लावली की ड्युअल चॅनल सुरू होतं, म्हणजे दोन्ही पट्ट्यांशी एकाच वेळी देवाणघेवाण होऊन वेग वाढतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर हा फरक डोळ्यांना दिसतो, कारण इनबिल्ट ग्राफिक्स याच रॅमवर जगतं. डेस्कटॉपवाल्यांनी बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारी सेटिंग, चालू आहे का तेही बघा. नसेल तर ३२०० वेगाची डीडीआर४ (रॅमचा एक प्रकार) बरेचदा २१३३ किंवा २४०० वरच रखडते. पैसे मात्र ३२०० चे मोजलेले!

गेम अडखळतोय? तो चालू ठेवूनच विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये किती मेमरी वापरली जातेय ते बघा. ६०-७० टक्क्यांवर असेल तर बिचाऱ्या रॅमला कशाला बोल लावायचा? ९५ च्या पुढे असेल तर आधी क्रोमचे ढीगभर टॅब बंद करा. एआयवाल्यांच्या खरेदीने रॅम महागलीय, हा उपाय फुकटात होतो.