क्रॉसिंग ओव्हर नसले तरी गुणसूत्रांची वाटणी नीट होते?

लातूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या नीट-बीएस्सीच्या पोरांमध्ये नोट्सचे एक पान फिरते आहे: ‘क्रॉसिंग ओव्हर फक्त विविधतेसाठी. ते झाले नाही तरी अर्धगुणसूत्री विभाजन नीटच होते. डीएनए अपघाताने तुटला की अदलाबदल होते.’ क्रॉसिंग ओव्हर म्हणजे जोडीतल्या गुणसूत्रांनी केलेली तुकड्यांची अदलाबदल; अर्धगुणसूत्री विभाजन म्हणजे गुणसूत्रे निम्मी करणारे, दोन टप्प्यांचे पेशीविभाजन. तिन्ही वाक्ये चूक आहेत, आणि ते यीस्टमध्ये लख्ख दिसते.

‘अपघाताने’: मुळीच नाही. डीएनएचे दोन्ही धागे स्पो-११ हे प्रथिन कापते. हे १९९७ मध्ये दाखवले गेले. यीस्टच्या एका पेशीत असे दीडशेच्या वर काप पडतात. त्यातून क्रॉसिंग ओव्हर होतात सुमारे नव्वद. बाकीचे काप नुसतेच सांधले जातात.

‘नीटच होते’: सगळ्यात घातक वाक्य हे. पहिल्या विभाजनात समजात गुणसूत्रे, म्हणजे जोडीतली दोन गुणसूत्रे, विरुद्ध टोकांना जायला हवीत. गुणसूत्रे ओढणाऱ्या तुर्कतंतूंनी ओढल्यावर ताण आला तरच जोडणी टिकते, नाहीतर तंतू सुटून नव्याने जोडला जातो. ताण यायचा तर जोडी एकमेकांना बांधलेली हवी. ती बांधणी म्हणजे क्रॉसिंग ओव्हर, आणि त्यापलीकडे अर्धगुणसूत्रांना (गुणसूत्राच्या दोन जुळ्या प्रतींना) धरून ठेवणारे कोहेसिन हे प्रथिन. सेपरेज हे विकर आधी गुणसूत्राच्या बाहूंवरचे कोहेसिन कापते. गुणसूत्रबिंदूजवळचे कोहेसिन मात्र शुगोशिन हे प्रथिन दुसऱ्या विभाजनापर्यंत राखते.

आता स्पो-११ काढून टाका. यीस्टमध्ये १६ जोड्या; या विभाजनातून एका पेशीचे चार बीजाणू होतात. प्रत्येक जोडी नशिबावर सोडली, तर सगळ्या बरोबर वाटल्या जाण्याची शक्यता ६५,५३६ मध्ये एक. प्रत्यक्षातही शंभरात एकही बीजाणू जगत नाही. काप न पडल्यानेच पेशी मरतात, अशी शंका येईल. तर मग स्पो-१३ हे दुसरे प्रथिन सुद्धा काढा: पहिले विभाजन टळते, एकच विभाजन होते आणि बीजाणू जगतात! म्हणजे मारत होती ती चुकलेली वाटणी. हा पुरावा मला फार मोलाचा वाटतो.

नर फळमाशीत क्रॉसिंग ओव्हर नसते, हे खरे. पण तिथे जोडी धरून ठेवायला दुसरी प्रथिने आहेत. बांधणी चुकत नाही.

प्रयोगशाळेत करून पाहायचे तर यीस्टचा एसके-१ हा प्रयोगशाळेतला वाण घ्या. बाजारच्या पाकिटातले यीस्ट अनेकदा बीजाणू धरत नाही. रात्रभर वाढवलेल्या द्विगुणित (गुणसूत्रांच्या जोड्या असलेल्या) पेशी दोनदा पाण्याने धुवा, १ टक्का पोटॅशियम ॲसिटेटमध्ये घाला, फ्लास्क पाचवा हिस्साच भरा आणि ३० अंशांना हलवत ठेवा. आपल्याकडच्या मे महिन्यात थंड करणारा शेकर लागेलच. ग्लुकोज मागे राहिले तर बीजाणू होत नाहीत. मग चौकडीतले (एका पेशीपासून झालेले चार) बीजाणू सुटे करून वाढवा: चारपैकी दोन किंवा शून्य जगणाऱ्या चौकड्या जास्त निघाल्या, तर आधी पहिल्या विभाजनावर संशय घ्या.