पंधरा आणि पन्नासच्या मधल्या गाड्या

1 जुलै 2025 ला दिल्लीतल्या पेट्रोल पंपांवर दहा वर्षांपुढच्या डिझेल आणि पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांना इंधन देणे बंद झाले. काही दिवसांतच तो निर्णय थांबवावा लागला. त्याच आठवड्यात नोएडात राहणाऱ्या माझ्या मामेभावाशी माझा फोनवर चांगलाच वाद झाला. मी इथे फ्रान्समध्ये पस्तिशी गाठलेली गाडी सांभाळते, हे त्याला माहीत आहे. "ताई, छंद तुझा आणि धूर आमचा," तो म्हणाला. त्याच्या मुलीला दर हिवाळ्यात नेब्युलायझर लागतो. त्याचे बोलणे मला लागले, आणि ते लागायलाच हवे होते. तरीही त्याचे म्हणणे अर्धेच बरोबर आहे असे मला वाटते. उरलेले अर्धे मांडायला हा लेख.

माझी गाडी प्यूजो 309 आहे, 1990 ची, 1.4 लिटरच्या कार्ब्युरेटरवाल्या पेट्रोल इंजिनाची. मी पॅरिसच्या पश्चिमेला राहते, आणि ही गाडी जिथे बनायची तो प्वासीचा कारखाना इथून फार लांब नाही. 309 ची कुळकथा जरा वेगळीच. ती मुळात टॅल्बो या, प्यूजोच्याच मालकीच्या दुसऱ्या नावाने बाजारात यायची होती. ते नाव मागे पडल्यावर 1985 मध्ये तिच्यावर प्यूजोचा सिंह बसला. दरवाजे लहान बहिणीचे, म्हणजे 205 चे. इथल्या शौकिनांना 205 चे वेड आहे, 309 कडे फारसे कोणी वळून बघत नाही. आपल्याकडे मात्र तिची ओळख आहे. नव्वदच्या दशकात कल्याणला पाल-प्यूजोच्या, म्हणजे प्रीमियर ऑटोमोबाइल्स आणि प्यूजो यांच्या भागीदारीतल्या कारखान्यात हीच गाडी जुळायची, 1.4 पेट्रोल आणि 1.5 डिझेल अशा दोन इंजिनांत. ते डिझेल इंजिन पुढे मारुतीच्या झेन आणि एस्टीम डिझेलमध्येही आले. कित्येक मराठी घरांनी एक फ्रेंच इंजिन वर्षानुवर्षे चालवले आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

या गाडीचे खरे दुखणे मागच्या अ‍ॅक्सलमध्ये असते. मागे आडवा लोखंडी नळा, त्याच्या दोन्ही टोकांना चाक धरणारा एकेक दांडा, म्हणजे ट्रेलिंग आर्म, आणि स्प्रिंगचे काम करायला आडवे टॉर्शन बार, म्हणजे पीळ खाणाऱ्या पोलादी सळया. आर्मचा शाफ्ट नळ्यातल्या नीडल बेअरिंगवर फिरतो. ऑइल सील म्हातारे झाले की पावसाचे पाणी आत शिरते, ग्रीस सुकते, आणि सुईएवढे रोलर शाफ्टमध्ये चर पाडायला लागतात. चालवणाऱ्याला बराच काळ काही कळत नाही. मग एके दिवशी मागून कोणीतरी सांगते की तुझी चाके वरून आत झुकली आहेत. तिथून पुढे टायर घासणे, मागून कुरकुर, आणि शेवटी शाफ्टसकट सगळे बदलणे.

हे काम मी भाड्याच्या लिफ्टवर केले. इथे तासावर लिफ्ट आणि हत्यारे देणारी गॅरेजे असतात. रस्त्यावर गाडी उभी करून तेल बदलायला सहसा मनाई असते, म्हणून फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना त्यांचाच आधार. सोबत शेजारचे निवृत्त फिटर होते, हयात मोटारींच्या कामात गेलेले. टॉर्शन बारच्या टोकाला बारीक दाते असतात आणि तीस-पस्तीस वर्षांच्या गंजाने ते आर्मला घट्ट धरून बसलेले असतात. टोकाला सरकत्या वजनाचा हातोडा जोडायचा आणि ठोके देत राहायचे. त्याआधी बार आणि आर्म दोन्हींवर पंचने खूण करायची, कारण गाडीची मागची उंची बार कोणत्या दात्यावर बसला आहे त्यावर ठरते. डावा बार उजवीकडे चालत नाही. पुन्हा बसवताना शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या जागी ठरावीक लांबीची पट्टी लावून आर्म नेमक्या कोनात धरायचा आणि मगच बार आत सरकवायचा. शाफ्ट बाहेर आला तेव्हा त्यावर बोट फिरवले. वरची बाजू आरशासारखी गुळगुळीत होती, आणि खाली, जिथे सगळा भार येतो तिथे, नखात अडकतील असे खड्डे. फिटरकाका म्हणाले, बाकी शाफ्ट अजून तीस वर्षे चालला असता, वाट लावली ती सीलने.

देखभाल आणि बदल यांतली रेघ इथेच पुसट होते. ज्या दात्याने उंची ठरते, तोच दाता सरकवून लोक गाडी खाली बसवतात. आम्ही उंची मूळचीच ठेवली, पण नळ्याला भोक पाडून ग्रीस निपल, म्हणजे ग्रीस भरायचे छोटे तोंड, बसवले. मूळ गाडीत ते नसते. आता वर्षातून एकदा ग्रीस गन लावली की पाणी आत राहत नाही. हेडलाइटसाठी दोन रिलेही, म्हणजे छोट्या करंटवर चालणारे विजेचे स्विच, टाकले. या गाडीत दिव्यांचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून येतो. वाटेत व्होल्टेज गळते आणि दिवे पिवळट पडतात. रिले बॅटरीजवळ बसवून जाड वायर टाकली की त्याच बल्बचा उजेड वेगळाच पडतो. हे बदल गाडी सुरक्षित करतात आणि तिचे आयुष्य वाढवतात, आणि माझ्या मते छंदाचा खरा आनंद त्यातच आहे. 205 वाल्यांची हौस निराळी. त्यांच्यातले बरेच जण 309 जीटीआय या वेगवान आवृत्तीचा रुंद अ‍ॅक्सल आणि पुढचे आर्म काढून आपल्या गाडीला लावतात. त्यात किती धडधाकट 309 भंगारात गेल्या असतील, या विचाराने मला वाईट वाटते.

आता तपासणीचे. फ्रान्समध्ये गाडी चार वर्षांची झाली की पहिली तांत्रिक तपासणी, आणि मग दर दोन वर्षांनी. गाडी लिफ्टवर जाते, ब्रेक रोलरवर तपासले जातात, खालून गंज टोचून पाहतात, एक्झॉस्टमध्ये नळी घालतात. दोष तीन पायऱ्यांचे: किरकोळ, मोठा, गंभीर. मोठा दोष निघाला तर दोन महिन्यांत दुरुस्त करून परत यायचे. गंभीर निघाला तर ती तपासणी त्या दिवशी मध्यरात्रीपर्यंतच वैध. तपासणाऱ्याला दुरुस्तीचा धंदा करता येत नाही, त्यामुळे दोष काढण्यात किंवा झाकण्यात त्याचा फायदा नसतो. आणि धूर मोजताना माप गाडीच्या काळाचे लावतात. माझ्या 1990 च्या, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेल्या गाडीला आयडलवर, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 3.5 टक्के. त्या मर्यादेत राहायला कार्ब्युरेटर, एअर फिल्टर, प्लग सगळे जागेवर लागते.

भारतात खासगी गाडीचे पासिंग पंधरा वर्षांचे. त्या पंधरा वर्षांत पीयूसी सोडली तर तिला खालून कोणी बघत नाही. ब्रेकची नळी गंजली, बॉल जॉइंट ढिले झाले, तरी कायद्याच्या नजरेत ती धडधाकट. पंधरा पूर्ण झाली की मात्र तीच गाडी एकदम संशयित. आपल्या चर्चेत मला सगळ्यात जास्त खटकते ते हे. भावालाही मी हेच म्हणाले: पंधरा वर्षांच्या नीट ठेवलेल्या गाडीवर तू चिडतोस, पण सहा वर्षांची काळा धूर ओकणारी गाडी तुझ्या सोसायटीच्या गेटमधून रोज जाते, तिला कोण विचारते? डिसेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीत जुन्या गाड्यांना कारवाईपासून दिलेले संरक्षण बीएस-4 (भारत स्टेज, धुराचे सरकारी मानक) आणि त्यापुढच्या गाड्यांपुरते ठेवले. म्हणजे नुसत्या वयाऐवजी मानक बघितले. वयापेक्षा हे बरे. पण मानक हा कागदावरचा जन्मदाखला झाला, प्रत्यक्ष गाडीतून काय बाहेर पडते ते त्यातून कळत नाही.

फ्रान्सनेही इथे चुका केल्याच आहेत. 1994 मध्ये दहा वर्षांपुढची गाडी मोडून नवी घेणाऱ्याला सरकारने 5000 फ्रँक दिले, 2008 च्या अखेरीस पुन्हा 1000 युरोंची योजना आणली. दोन्ही वेळा उद्देश मंदीत नव्या गाड्या खपवण्याचा होता, आणि त्यात चालत्या गाड्या चिरडल्या गेल्या. पुढे शहरांत गाडीचा प्रदूषणाचा वर्ग दाखवणारे क्रिटेअरचे स्टिकर आणि त्यावर चालणारे कमी प्रदूषणाचे विभाग आले. 1997 पूर्वीच्या पेट्रोल गाडीला स्टिकरच मिळत नाही, मग ती कितीही नीट ठेवलेली असो. पॅरिसच्या ए86 रिंगरोडच्या आत कामाच्या दिवशी अशा गाड्यांना बंदी आली. त्याचा खरा फटका बसला तो नवी गाडी घ्यायची ऐपत नसलेल्या, पहाटेच्या पाळीला जाणाऱ्या लोकांना. लोकांचा राग इतका वाढला की 2025 मध्ये राष्ट्रीय सभेने हे विभागच रद्द करण्याच्या बाजूने मत दिले. मला स्वतःला ते विभाग पूर्ण जावेत असे वाटत नाही. शाळेजवळची हवा माझ्या गाडीपेक्षा मोठी आहे.

पण एक गोष्ट फ्रान्सने शहाणपणाने केली. गाडी तीस वर्षांची झाली, तिचे उत्पादन थांबलेले असले आणि मूळ रूप शाबूत असले, तर तिला संग्राह्य गाडीचे आरसी मिळते. मग तपासणी पाच वर्षांनी आणि पॅरिसच्या त्या विभागातही सूट. अशी गाडी रस्त्यावर चालवता येते, कामावर न्यायचीही मनाई नाही. आपल्याकडे 2021 च्या नियमांनी व्हिंटेजची पायरी पन्नास वर्षांवर ठेवली. नोंदणीचे 20,000 रुपये, नंबर प्लेटवर व्हीए, आणि नेहमीच्या वापराला बंदी; रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर यायचे. म्हणजे पंधराव्या वर्षी गाडी म्हातारी आणि पन्नासाव्या वर्षी वारसा. मधली पस्तीस वर्षे ती कोण आहे? 1995 ची कल्याणची 309 एखाद्याने डोंबिवलीच्या शेडमध्ये जपली असेल, तर व्हिंटेज व्हायला तिला 2045 उजाडेल. तोवर दर पाच वर्षांनी पुनर्नोंदणी, आणि वीस वर्षांपुढच्या गाडीला त्याची फी आता 10,000 रुपये. मालक दिल्लीत राहायला गेला तर गाडी तिथे नेताच येणार नाही. या दरीत नव्वदच्या दशकातल्या अ‍ॅम्बेसेडर, पद्मिनी, प्रीमियर 118 एनई, देवूची पहिली सिएलो, सगळ्याच अडकल्या आहेत. यांतल्या किती पन्नाशी बघतील?

भावाच्या धुराच्या मुद्द्याला माझे उत्तर किलोमीटरचे आहे. मी 309 सुट्टीच्या दिवशी बाहेर काढते, वर्षाला दोनेक हजार किलोमीटर. दर किलोमीटरला ती नव्या गाडीपेक्षा जास्त घाण सोडते, यात वाद नाही. म्हणूनच तीस वर्षांपुढच्या गाडीला वर्षाच्या किलोमीटरची मर्यादा घालावी आणि ओडोमीटर तपासणीत नोंदवावा, हे मला मान्य आहे. हिवाळ्यात हवा बिघडते त्या दिवसांत ती बाहेर काढू नये, हेही मान्य. स्वयंचलित चाचणी केंद्रे भारतात उभी राहत आहेत. ती नीट चालली तर वयाचा निकष सोडून प्रत्यक्ष मोजमापावर येता येईल. आणि दुरुस्तीचा हात आपल्याकडे जितका तयार आहे तितका इथे नाही. कॉटर पिनपासून गॅस्केटपर्यंत हाताने बनवून देणारी माणसे आपल्याकडे गल्लोगल्ली होती आणि अजून आहेत. इथल्या गॅरेजात लॅपटॉपला जोडता न येणारी गाडी आली की तरुण मेकॅनिक गांगरतो.

उरला बदलांचा प्रश्न. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये मोटर वाहन कायद्याच्या कलम 52 चा अर्थ स्पष्ट केला: उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल चालणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दर बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा आली. बुलेटच्या सायलेन्सरचे फटाके ऐकून झोपमोड झालेल्या कोणालाही हा कायदा योग्यच वाटेल, आणि त्या सायलेन्सरवर पोलिसांनी रोडरोलर फिरवला तेव्हा मलाही बरे वाटले. पण जुन्या गाडीला मागे तीन-टोकी सीट बेल्ट बसवणारा किंवा चांगले ब्रेक लावणारा माणूस त्या सायलेन्सरवाल्याच्या रांगेत उभा राहू नये. फ्रान्समध्येही हे सोपे नाही. इंजिन बदलायचे तर सरकारी विभागाकडून त्या एका गाडीची वेगळी मंजुरी लागते. त्यासाठीच्या चाचण्या इतक्या महाग पडतात की मी मोठ्या इंजिनाचा विचार सोडून दिला. शेजारच्या जर्मनीत मान्यताप्राप्त तज्ज्ञ गाडी बघतो, बदल तपासतो, आणि पास झाला तर तो गाडीच्या कागदांत लिहिला जातो. इथले शौकीन त्या पद्धतीचा हेवा करतात. भारतात असे एक दार उघडायला कायदा मुळापासून बदलावा लागणार नाही. चाचणी केंद्रात एक खिडकी, ठरलेली फी, ब्रेकची आणि धुराची तीच मोजणी, आणि पास झालेल्या बदलाची आरसीवर एक ओळ.