बाखाराखला जाताय? आधी काठ बघा

जर्मनीत राइन नदीकाठच्या वाइनगावांचा बेत आखताना लोक नकाशावरचं सरळ अंतर बघतात आणि फसतात. माइन्झ सोडलं की कोब्लेन्झपर्यंत, राइनवर एकही पूल नाही. बाखाराखहून समोरच्या काठावरच्या काउब गावाला जायचं तर फेरीबोट, आणि ती संध्याकाळनंतर बंद.

माझं मत: रुडेसहाइमच्या गर्दीत दिवस घालवण्यापेक्षा डाव्या काठावरच्या बाखाराखला एक रात्र राहा. फ्रँकफर्ट विमानतळावरून एस-८ लोकलने माइन्झ, तिथून आरबी-२६ ही प्रादेशिक गाडी. स्टेशन गावाला चिकटूनच आहे.

हीच मेखही आहे. रेल्वे दोन्ही काठांनी जाते आणि मालगाड्या रात्रभर धडधडतात. ‘नदीचा व्ह्यू’ म्हणून जास्त पैसे मोजलेली खोली म्हणजे रुळांच्या डोक्यावरची खोली. त्यापेक्षा ब्ल्यूखरश्ट्रासवर, श्टेग या वस्तीच्या दिशेने जितकं आत जाल तितकी झोप चांगली. श्टालेक किल्ल्यात यूथ हॉस्टेल आहे, पण बॅग घेऊन तो चढ चढायची तयारी हवी.

बोटीने जायचं तर बाखाराखहून सांक्ट गोआर या गावाकडे, म्हणजे प्रवाहाबरोबर. लोरेलायचा कडा उजवीकडे येतो, तेव्हा जागा त्याच बाजूला धरा. परतताना ट्रेन घ्या. प्रवाहाविरुद्ध बोट रेंगाळते. डॉइचलंड-तिकीट, म्हणजे देशभरच्या लोकल गाड्या-बसचा महिन्याचा पास, या पर्यटक बोटींवर चालत नाही. हिवाळ्यात तर बोटी, खानावळी, बरंच काही बंद असतं.

१३६८ चं आल्टेस हाउस हे लाकडी चौकटीचं जुनं घर सगळेच बघतात. पोस्टेनटुर्म बुरुजावर मात्र थोडेच चढतात. वाट द्राक्षमळ्यातून जाते, पायाखाली पाटीच्या दगडाच्या कपच्या सरकतात, म्हणून चपला नकोत. दिवसभर तापलेला हाच दगड रात्री वेलींना ऊब देतो.

गंमत म्हणजे ‘बाखाराखची वाइन’ म्हणून पूर्वी जी गाजली, त्यातली बरीचशी इथली नव्हतीच. बिंगनजवळच्या खडकांमधून मोठी जहाजं जात नसत. नदीच्या वरच्या भागातून लहान होड्यांतून आलेली पिंपं इथे मोठ्या जहाजांवर चढत आणि पुढे गावाच्या नावाने विकली जात.

आता ग्लास. रीस्लिंग ही इथली पांढरी वाइन गोडच असते असं नाही. ‘काबिनेट’, ‘श्पेटलेझे’ हे शब्द तोडणीच्या वेळी द्राक्षं किती पिकली होती ते सांगतात, ग्लासातली गोडी नाही. त्यासाठी ‘ट्रोकन’ म्हणजे कोरडी, ‘फाइनहेर्ब’ म्हणजे किंचित गोडसर आणि ‘लीबलिश’ म्हणजे गोड, एवढं बघा. ग्लासवर ०.१ किंवा ०.२ लिटरची रेघ असते. माप रेघेपर्यंतच, ग्लास अर्धा रिकामा दिसला म्हणून वाद घालू नका. सोबत फ्लामकूखन, म्हणजे पातळ पिझ्झासारखा पदार्थ, मागवाल तर शाकाहारींनी ‘ओने श्पेक’ (बेकनशिवाय) म्हणायचं, नाहीतर कांद्याबरोबर डुकराच्या मांसाचे तुकडे येतात. आणि खिशात थोडे रोख युरो ठेवा.