‘सरळ नाही म्हणा ना’: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

महोदय,

‘एक स्पष्टवक्ता नागपूरकर’ या नावाने आपण पाठवलेली प्रतिक्रिया मी तीन वेळा वाचली. पहिल्यांदा वाचली तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. त्याच बैठकीत उत्तर लिहिले असते तर ते छापण्याजोगे राहिले नसते, म्हणून दोन दिवस जाऊ दिले. ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रोजच्या इंग्रजी बोलण्यात नकार कसा द्यावा, अडचण कशी सांगावी आणि शंका कशी बोलून दाखवावी, यावर मी मागच्या आठवड्यात लिहिले होते. त्यावर आपण लिहिले: “अहो बाई, मराठी माणूस सरळ नाही म्हणतो. तुम्ही मात्र त्याला गुळगुळीत इंग्रजी शिकवून खोटे बोलायला लावता आहात.” त्यापुढे आपण एक व्याकरणाची चूक दाखवली, अमेरिकन इंग्रजीचा उल्लेख नसल्याची तक्रार केली, लेख लांबल्याचे म्हटले आणि ठाम नकार कसा द्यायचा हे कुठेच नाही, असाही आक्षेप घेतला.

चुकीपासून सुरुवात करते, म्हणजे मी चूक मानतच नाही असे कोणाला वाटायला नको. ‘आय हॅव डिफिकल्टी टू अंडरस्टँड धिस’ असे वाक्य माझ्या लेखात गेले, ते चुकीचे आहे. ‘इट इज डिफिकल्ट टू अंडरस्टँड’ यात ‘टू’ चालते, पण ‘डिफिकल्टी’ हे नाम आले की ‘आय हॅव डिफिकल्टी अंडरस्टँडिंग धिस’ असेच म्हणावे लागते. दोन रचना डोक्यात शेजारी शेजारी असल्या की लिहिताना एकीचे शेपूट दुसरीला लागते. मान्य. चूक दाखवल्याबद्दल आभार. मात्र ती दाखवताना ‘शिकवणाऱ्यांनीच असे लिहावे म्हणजे कमाल आहे’ हे वाक्य जोडण्याची गरज होती का, याचा आपण विचार करावा.

आता ‘अहो बाई’. माझे विद्यार्थी मला बाईच म्हणतात आणि त्या हाकेइतका मान मला दुसऱ्या कशात वाटत नाही. पण ‘बाई, हे उदाहरण पुन्हा सांगता का?’ यातली बाई वेगळी आणि ‘अहो बाई, कोणत्या जगात राहता?’ यातली बाई वेगळी, हे आपल्यासारख्या मराठी माणसाला समजावून सांगावे लागू नये. शब्द एकच आहे, सुराने त्याचा अर्थ पालटला आहे. हा सूर आपल्याला इतका नेमका साधतो, तर इंग्रजीतही नुसत्या शब्दावर काम भागत नाही हे ऐकून आपल्याला एवढा राग का यावा, ते मला कळलेले नाही.

आपल्या मुख्य वाक्याकडे येते. मराठी माणूस सरळ नाही म्हणतो, असे आपण लिहिता. हा मराठी माणूस आपल्याला नागपुरात नेमका कोठे भेटला, हे जाणून घ्यायला मला आवडेल. मी याच शहरात वाढले. महालातल्या आमच्या घरी माझ्या मोठ्या बहिणीला स्थळे येत होती, तेव्हा नकार देण्याची एकच रीत सगळ्यांना ठाऊक होती: “पत्रिका जुळत नाही.” एका कुटुंबाकडून हा निरोप आला तेव्हा वडिलांनी पत्रिकेचा कागद घडी करून कपाटात ठेवला आणि आईला म्हणाले, “त्यांनी पत्रिका मागितलीच नव्हती.” तेवढेच. ते कुटुंब खोटारडे आहे असे आमच्या घरात कोणीही म्हटले नाही, उलट दोन वर्षांनी त्यांच्याच मुलाच्या लग्नात आम्ही जेवून आलो. इतवारीतल्या कितीतरी दुकानांत ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी असे, आणि ती वाचून दुसऱ्या दिवशी उधारी मागायला गेलेला माणूस मी तरी पाहिला नाही. गणपतीच्या वर्गणीसाठी मुले दारात आली की आतून आवाज येतो, “मालक घरी नाहीत.” नळ दुरुस्त करणारा म्हणतो, “येतो ना ताई, उद्या येतो.” आणि या सर्वांवर वरताण म्हणजे आपले ‘बघू’. ‘बघू’ या शब्दाचा अर्थ ‘मी पाहीन’ असा घेणारा माणूस एक तर परका असतो किंवा सहा वर्षांचा असतो.

यात कोणीही कोणाला फसवत नाही, कारण बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला, दोघांनाही नकार झालेला माहीत असतो. ‘आय वुड लव टू, बट’ हेही तसेच आहे. ‘बट’ ऐकताच समोरच्या इंग्रज माणसाला उत्तर मिळालेले असते, पुढचे कारण केवळ उपचाराचे. ‘आय ॲम अफ्रेड आय कान्ट’ म्हणणारा माणूस कशालाही घाबरलेला नसतो. आपल्याला हा गुळगुळीतपणा वाटतो, कारण आपण प्रत्येक शब्द शब्दकोशातून उलटा करून पाहता. ‘बघू’ आपण तसे पाहत नाही, कारण ते दुधाबरोबर प्यायलेले आहे.

आणखी एक गोष्ट, जी मूळ लेखात होती पण आपण बहुधा तिथवर पोहोचला नाहीत. मराठीत ‘नाही’ वेगळे, ‘नको’ वेगळे आणि ‘नव्हे’ वेगळे. ‘चहा घेता?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हटले तर यजमानाच्या कपाळावर आठी पडते, ‘नको’ म्हटले तर पडत नाही. वऱ्हाडात ‘नोको’ म्हटले तर तो आणखी आपलेपणाने कप पुढे करतो. इंग्रजीत तिन्ही कामांसाठी बिचारे एकटे ‘नो’ उभे आहे. त्यामुळे ‘नको’मधला जो मऊपणा आपल्याला एका शब्दात फुकट मिळतो, तो तिथे ‘थँक यू’ जोडून विकत घ्यावा लागतो. ‘नो, थँक यू’ हे ‘नको’चे सरळ भाषांतर आहे. त्यातले ‘थँक यू’ गाळून जो मराठी माणूस पाहुणचार करणाऱ्याला नुसते ‘नो’ म्हणतो, तो स्वतःला स्पष्टवक्ता समजत असेल, पण समोरच्याच्या कानाला त्याने ‘चहा घेता?’ याचे उत्तर ‘नाही’ असे दिलेले असते.

‘आय डोन्ट थिंक सो’ला आपण ‘आडवळण’ म्हटले आहे. ‘तो येईल असे मला वाटत नाही’ हे वाक्य आपण दिवसातून दोनदा तरी बोलत असाल. नकार ‘येईल’ला लागायचा, तो उचलून ‘वाटत’ला लावलेला आहे. इंग्रजीत ‘आय डोन्ट थिंक ही विल कम’ हेच करते. जे आडवळण आपण मराठीत रोज चालतो ते इंग्रजीत दिसले की गुलामी, हा न्याय मला समजत नाही.

अडचण सांगण्याच्या बाबतीत तर दोन्ही भाषा बहिणी शोभाव्यात इतक्या जवळ येतात. कुलूप उघडत नसले की आपण म्हणतो, ‘किल्ली फिरेना.’ इंग्रज म्हणतो, ‘द की वोन्ट टर्न.’ पोरगा ऐकेना, ‘ही वुडन्ट लिसन’. गाडी सुरू होईना, ‘द कार वुडन्ट स्टार्ट’. ‘विल’ या क्रियापदाचा मूळ अर्थ इच्छा असणे असा होता, म्हणून ‘वोन्ट’मध्ये अजूनही हट्ट शिल्लक आहे आणि तो किल्लीसारख्या निर्जीव वस्तूलाही चिकटतो. आपल्या ‘फिरेना’तही किल्लीने जणू हेका धरलेला असतो. माझ्या वर्गात हे सांगितले की मुलांचे चेहरे उजळतात, कारण इथे त्यांना काही नवे शिकावे लागत नाही, घरचेच ओळखायचे असते. याउलट ‘मला समजून नाही राहिलं’ हे आपले नागपुरी वाक्य जसेच्या तसे उचलले की ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’ होते, आणि ते मात्र सोडायला शिकवावे लागते. इंग्रजीत समजणे ही चालू असलेली क्रिया म्हणून सहसा बोलत नाहीत.

आपण विचारले आहे की, ‘घरी बसून धडे देणाऱ्या बाईंनी गोऱ्या माणसाशी कधी प्रत्यक्ष बोलून पाहिले आहे का?’ हा प्रश्न खरे तर उत्तर देण्याच्या लायकीचा नाही, तरी देते. मराठी शाळेत पाचवीत गेल्यावर मी इंग्रजीचे पहिले अक्षर गिरवले, कारण तेव्हा रीतच तशी होती. पहिलीपासून इंग्रजी राज्यात २००० मध्ये आले. त्यानंतर अकरा वर्षे मी वर्धा रोडवरच्या एका खासगी कंपनीत होते, जिचे ग्राहक लंडनचे होते. दर मंगळवारी टेबलाच्या मधोमध तो काळा तीन पायांचा फोन ठेवून आम्ही सहाजण त्याच्याभोवती वाकून बसत असू. एका मंगळवारी आमच्या प्रस्तावावर पलीकडून शांतपणे आवाज आला, “आय ॲम नॉट एन्टायरली शुअर दॅट्स द बेस्ट वे.” आमच्या साहेबांनी डायरीत लिहिले, ‘क्लायंटला शंका आहे. निरसन करणे.’ मी शेजारीच बसले होते, ते अक्षर मला अजून दिसते. ‘निरसन’खाली दोन रेघा ओढलेल्या होत्या. मग आम्ही नऊ दिवस बसून चौदा पानांचे शंकानिरसन तयार केले आणि पाठवले. ते वाक्य शंका नव्हती. तो नकार होता, आणि इंग्रजी रीतीने पाहिले तर बराच स्पष्ट नकार होता. चौदा पानांच्या उत्तरादाखल जे पत्र आले त्यात मात्र ‘आय ॲम नॉट शुअर’ वगैरे काही नव्हते.

याचे मूळ आपल्या ‘शंका’ या शब्दात आहे. वर्गात हात वर करून विचारायचा प्रश्न ही शंका, आणि एखाद्याच्या हेतूविषयी मनात येते तीही शंकाच. म्हणून आपण ‘आय हॅव अ डाउट’ म्हणतो आणि आपल्याला फक्त प्रश्न विचारायचा असतो. इंग्लंडमधल्या माणसाला मात्र त्यात अविश्वास ऐकू येतो. त्यापेक्षा ‘कॅन आय आस्क समथिंग?’ बरे. ‘आय डाउट ही विल कम’ याचा अर्थ तो बहुतेक येणार नाही, आणि ‘आय सस्पेक्ट ही विल कम’ याचा अर्थ तो बहुतेक येईल. मराठीत दोन्हींना ‘शंका’ लावून पाहा म्हणजे घोटाळा लक्षात येईल. (स्कॉटलंडमध्ये ‘आय डाउट इट विल रेन’ म्हणजे पाऊस येणार असेच दिसते, असा उलटा अर्थ होतो, पण तो विषय इथे काढला तर लेखाच्या लांबीवरून आपण पुन्हा रागवाल.)

आणखी एक प्रसंग सांगते आणि हा विषय आटोपते. त्याच कंपनीत मे महिन्यात एक इंग्रज गृहस्थ आले होते. खोलीत वाळ्याच्या ताट्यांचा जुना कूलर होता, त्याच्या आवाजात काही ऐकू येत नव्हते आणि त्याचे तुषार पाहुण्यांच्या कागदांवर पडत होते. त्यांनी अदबीने विचारले, “डू यू माइंड इफ आय टर्न धिस ऑफ?” माझे सहकारी उत्साहाने म्हणाले, “येस, येस, शुअर!” ‘माइंड’ म्हणजे हरकत असणे. त्यामुळे हरकत नसेल तर ‘नो’ म्हणावे लागते. त्या गृहस्थांचा हात बटणापर्यंत गेला, थांबला आणि परत आला. नंतरचा पाऊण तास ते ओले कागद रुमालाने टिपत बसले आणि आमचे सहकारी मनात म्हणत राहिले की, विचारून घेतले, मग बंद का करत नाहीत. सरळ ‘येस’ आणि सरळ ‘नो’ यांवर आपला जो भरवसा आहे, तो घेऊन आपण त्या खोलीत असायला हवे होते.

उरलेले मुद्दे फार वेळ घेण्यासारखे नाहीत. अमेरिकन इंग्रजीबद्दल एवढेच सांगते की, तिथल्या ‘कान्ट’चा उच्चार ‘कॅन्ट’ असा होतो, शेवटचा ‘ट’ पुष्कळदा ऐकूच येत नाही, आणि होकाराचे ‘कॅन’ घाईत ‘कन’ होते. तेव्हा स्वर ठसठशीत ऐकू आला तर तो नकार समजावा. लेख लांब वाटला तर सोडून द्यावा, कोणी परीक्षा घेणार नव्हते. ठाम नकाराविषयी म्हणाल तर, वारंवार सांगूनही न ऐकणाऱ्याला काय म्हणावे हा प्रश्न आहे खरा, पण माझा लेख रोजच्या संभाषणाचा होता, भांडणाचा नव्हता. त्यावर कधी स्वतंत्र लिहिता येईल का, ते पुढे बघू.

मूळ लेखातले ‘डिफिकल्टी टू अंडरस्टँड’ काढून तिथे ‘डिफिकल्टी अंडरस्टँडिंग’ केले आहे. ज्यांनी वहीत उतरवून घेतले असेल त्यांनी तेवढा बदल करून घ्यावा. आपल्या प्रतिक्रियेत ऱ्हस्व-दीर्घाच्या तीन चुका होत्या, त्या मी तशाच राहू दिल्या आहेत.