येऊरकडे पाठ

नौपाड्यातली जुनी जागा सोडून घोडबंदर रोडला आलो तेव्हा माझी एकच अट होती: हॉलमध्ये पाऊल टाकल्या टाकल्या टीव्ही दिसता कामा नये. खिडकीतून येऊरचा डोंगर दिसतो, आणि त्या दिसण्याचे आम्ही स्क्वेअर फुटामागे वेगळे पैसे मोजलेत. ते वसूल नकोत का व्हायला?

म्हणून सोफा खिडकीकडे तोंड करून मांडला आणि टीव्ही मागच्या भिंतीवर गेला. पाचव्या दिवशी सासूबाईंची मान अखडली. सोफा फिरवला, तर डोंगर टीव्हीच्या काचेत उतरला. मालिकेतली सून रडतेय आणि तिच्या कपाळावर येऊर! शेवटी जाड पडदे लावले. आता आम्ही मोजलेल्या पैशांकडे पाठ करून अंधारात बसतो.

पण मी हार मानणारी नव्हे. मिस्त्रींना म्हटलं, कोनाडा करा, त्यावर सागवानी जाळीचं सरकतं दार बसवा. टीव्ही ५५ इंची घ्यायचा ठरला होता, तेव्हा मी स्वतः टेप धरून ५५ इंच रुंदीचा कोनाडा आखून दिला. टीव्हीचे इंच कर्णावर मोजतात, हे मला टीव्ही आल्यावर कळलं. पायथागोरस मी शाळेत ऑप्शनला टाकला होता, त्याने असा सूड घेतला. टीव्ही भरला जेमतेम ४८ इंच रुंद. दोन्ही बाजूंना साडेतीन-साडेतीन इंचांची फट. नवऱ्याचे डोळे चमकले. “मग ६५ चा बसेल की!” तो साधारण ५७ इंच रुंद असतो. दोन इंचांनी वाचले.

दार बसलं, तेव्हा सासूबाईंनी चष्मा लावून पाहिलं.

“अगं, हे तर आपलं शटर! एशियाडनंतर घेतलेल्या टीव्हीला असंच लाकडी होतं. परीक्षा आल्या की तुझे सासरे त्याला कुलूप लावायचे.” मग जरा थांबून, “वरचा विणलेला रुमाल तेवढा राहिला तुझा.”

लाखभर रुपये घालून मी १९८४ साल घरात आणलं होतं. त्यात बाहेर मेट्रोचं काम. जाळीच्या नक्षीत बसलेली धूळ मी दर रविवारी जुन्या टूथब्रशने काढते.

टीव्ही एक वेळ लपतो. रिमोट लपत नाहीत. आमच्याकडे सहा आहेत. टीव्ही, सेट टॉप बॉक्स, साउंडबार, एसी, हल्ली पंख्यालाही असतो तो, आणि सहावा जुन्या टीव्हीचा. तो टीव्ही भंगारात गेला, पण रिमोट “राहू दे, लागला तर” म्हणून राहिलाय. एकाला रबर बँड, एकाला दुकानातून आलं तेव्हाचं प्लॅस्टिक, आणि टीव्हीच्या रिमोटचं मागचं झाकण हरवल्यामुळे सेल चिकटपट्टीने आवळून बसवलेले. ते संपले की कुणीतरी भिंतीवरच्या घड्याळाचे काढून बघतंच. घड्याळाचे जाड, रिमोटचे बारीक. दर वेळी नव्याने आश्चर्य वाटतं.

सेट टॉप बॉक्स मी खालच्या बंद खणात ठेवला होता. रिमोट चालेना. मिस्त्रींच्या हाताखालच्या पोराने मोबाईलचा कॅमेरा रिमोटच्या टोकासमोर धरला, बटण दाबलं, आणि डोळ्यांना न दिसणारा तो दिवा स्क्रीनवर जांभळा लुकलुकला. म्हणाला, उजेड आहे हा, प्लायमधून कसा जाईल? तेव्हापासून खण चार बोटं उघडा असतो आणि सासूबाई वाकून, चुलीत फुंकर मारावी तसा, फटीत रिमोट खुपसून चॅनेल बदलतात.

रिमोट निदान शोभेसे दिसावेत म्हणून मी जांभळी नाक्यावरून पितळी तबक आणलं. चूक झाली. तबकात दिसलं ते पूजेचं, अशी सासूबाईंची समजूत. खंडेनवमीला विळी, कात्री, पक्कड यांच्या रांगेत सहाही रिमोट हळदकुंकू लावून बसले होते. कुंकू टीव्हीच्या रिमोटमध्ये उतरलं आणि आवाज वाढवायचं बटण दाबलं की वर येईनासं झालं.

पुढच्याच रविवारी दोन मावशा घर बघायला आल्या. मी पडदे उघडले, येऊर दाखवला, लगबगीने जाळी ओढली. टीव्ही बंद करायला मात्र विसरले. सासूबाईंना हळू ऐकू येतं. त्यांनी जाळीकडे रिमोट रोखून आवाज “जरासा” वाढवला. तो वाढतच गेला. सेल काढावेत तर चिकटपट्टी निघेना, भिंतीवरचं बटण जाळीच्या आत. हॉलभर एक बाई गरजत होती, “या घरात एक तर मी राहीन, नाहीतर ती!”

मोठ्या मावशीने चहाचा कप खाली ठेवला. “अगं, ती म्हणजे कोण? सरकव ना ते दार.”

सरकवलं. नवऱ्याने उठून पडदेही ओढले. भाग संपेपर्यंत कुणी हललं नाही.

निघताना मावशी दारात चप्पल घालता घालता म्हणाली, “घर छान आहे हो. टीव्ही कितीला पडला?”